झटापट, चकमक आणि लढाई : कोशात नोंद कोणाची?



गेल्या वर्षी याच वसंत व्याख्यानमालेत, पुंडलिकनगरच्या याच मंडपात, मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर बोलण्याचा योग मला आला होता. व्याख्यान संपले, आभार झाले, सतरंज्या गुंडाळावयास सुरुवात झाली, तेव्हा एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ काठी टेकीत माझ्यापाशी आले. त्यांच्या हातात पिवळी पडलेली एक वही होती. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही नळदुर्ग सांगितला, उमरी सांगितली. आमचं गाव सांगितलं नाही. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकार आमच्या गावावर चालून आले होते. गावानं त्यांना वेशीवरून परतवलं. आमची तीन माणसं पडली. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. वडिलांनी पुढं हे सारं या वहीत लिहून ठेवलं. एवढे मोठाले ज्ञानकोश निघाले, विश्वकोश निघाले, त्यांत आमच्या लढाईची नोंद का नाही?"

मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर मलाच टोचू लागले. प्रश्न साधा होता. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने ज्याचे उत्तर तयार ठेवले पाहिजे असा तो होता. युद्धाच्या धामधुमीत घडलेल्या कोणत्या लहानशा चकमकीला कोशात स्वतंत्र लेख द्यावा आणि कोणत्या चकमकीचा उल्लेख मोठ्या लेखाच्या पोटात एखाद्या ओळीने करावा? हे ठरवावयाचे कोणी, आणि कोणत्या मापाने? आज मी त्या गृहस्थांचे राहिलेले उत्तर देण्यासाठी उभा आहे.

प्रथम कोश म्हणजे काय, हे ध्यानात घेऊ. आपल्या भाषेत या कामाची परंपरा मोठी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० नंतरच्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस भाग काढले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती आला. छापील कोशाच्या संपादकापुढे सर्वांत मोठी अडचण असते ती जागेची. खंडांची संख्या ठरलेली, पृष्ठे ठरलेली. एका नोंदीला जागा दिली की दुसरीची कमी होते. त्यामुळे लहान चकमकींचा प्रश्न पुष्कळदा कात्रीनेच सुटत असे.

आता ती सबब उरलेली नाही. विश्वकोश संगणकाच्या पडद्यावर आला आहे. विकिपीडियासारख्या मुक्त कोशात तर कोणीही नोंद लिहावी अशी सोय आहे, आणि त्याची मराठी आवृत्ती २००३ सालापासून चालू आहे. तेथे कागद संपत नाही. अशा वेळी कोणास वाटेल की, प्रश्नच मिटला. होऊ द्या हजार चकमकींच्या हजार नोंदी! परंतु जागेचा प्रश्न सुटला म्हणजे योग्यायोग्यतेचा प्रश्न सुटत नाही. उलट, आजवर कागदाच्या आड लपलेला तो प्रश्न आता उघड्यावर आला आहे.

या बाबतीत सामान्यतः तीन मापे लावली जातात, आणि माझ्या मते तिन्ही अपुरी आहेत.

पहिले माप मृतांच्या संख्येचे. ज्या ठिकाणी पुष्कळ माणसे पडली ती लढाई मोठी, असे आपण सहज म्हणून जातो. आपल्याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यातले पालखेड घ्या. २८ फेब्रुवारी १७२८ रोजी थोरल्या बाजीरावांनी तेथे निजामुल्मुल्काला कोंडीत पकडले. निजामाने पुणे घेतले होते आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष उचलून धरला होता. बाजीराव त्याच्यावर समोरून चालून गेले नाहीत. ते खानदेश आणि गुजरातेकडे घोडदौड करीत त्याला मागे धावावयास लावीत राहिले. पाठलागाच्या घाईत निजामाच्या जड तोफा मागे राहिल्या, आणि पालखेडच्या परिसरात त्याची फौज दाण्यापाण्याला मोताद झाली. फार मोठी कत्तल तेथे झालीच नाही. मृतांच्या संख्येने मोजू लागलो तर पालखेड कोशातून बाहेर पडेल. पण अवघ्या आठवड्याभरात, ६ मार्च रोजी, मुंगी-शेवगाव येथे तह झाला आणि दक्षिणेतील चौथाई-सरदेशमुखीचा शाहूमहाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. दोन शतकांहून अधिक काळानंतर फील्डमार्शल माँटगोमेरी यांनी १९६८ साली युद्धकलेचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यात पालखेडच्या मोहिमेचे कौतुक केले. दूर देशी पाहावयाचे तर अमेरिकेतील लेक्सिंग्टन घ्या. १९ एप्रिल १७७५ रोजी सकाळी तेथे वसाहतवाल्यांची आठ माणसे पडली. आपल्याकडच्या एखाद्या गावच्या मारामारीएवढाच हा आकडा. तरीही जगातील कोणत्याही कोशाला लेक्सिंग्टन वगळता आले नाही. चकमक हा शब्द मुळी ठिणगी पाडण्याच्या साधनाचाच. ठिणगी केवढी होती हे पाहून भागत नाही. ती कशावर पडली हे पाहावे लागते.

दुसरे माप फौजांच्या आकाराचे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास मराठ्यांची आणि निजामाची प्रचंड सैन्ये समोरासमोर आली. प्रत्यक्ष झुंज मात्र त्या मानाने थोडीच झाली. रात्री निजामाच्या गोटात घबराट पसरली, तो खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, आणि प्रकरण निकालात निघाले. म्हणजे लाखाच्या फौजा जमूनही युद्ध थोडे, आणि उलट मूठभर माणसांतही युद्धाचे सारे मर्म साठलेले असू शकते.

तिसरे माप अभिमानाचे. हे सर्वांत मोहक आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे. नेसरीचे उदाहरण घेऊ. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले आणि ठार झाले. कुसुमाग्रजांच्या कवितेने ही घटना घराघरांत पोचविली. नेसरीला कोशात स्वतंत्र नोंद असावी याविषयी माझ्या मनात संशय नाही. परंतु त्याचे कारण कवितेत नाही. राज्याभिषेकाला जेमतेम साडेतीन महिने उरले असता स्वराज्याचा सरनौबत पडला आणि ते पद पुढे हंबीरराव मोहित्यांकडे गेले, हे त्याचे कारण आहे. त्या नोंदीत कोशकाराने आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे : प्रतापरावांचा मृत्यू निश्चित आहे, पण सहा साथीदारांची जी नावे आपण पाठ म्हणतो ती उत्तरकालीन परंपरेतून आली आहेत. असे सांगण्याने प्रतापरावांचे शौर्य तसूभरही उणे होत नाही. किती कळले आहे आणि किती मानले जाते, यांतली रेघ मात्र वाचकाला दिसते. कोशाचे काम ही रेघ दाखविण्याचे.

मग खरे माप कोणते? मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात.

पहिला प्रश्न असा : या चकमकीने पुढचे काही बदलले काय? एखादा तह, एखादी माघार, एखाद्या सेनापतीचा अंत, एखाद्या गावाचे उजाड होणे, काहीतरी तिच्यामुळे वेगळे घडले काय? दुसरा प्रश्न : तिच्याविषयी एकाहून अधिक आणि परस्परांवर न विसंबणारी साधने आहेत काय? एकाच वृत्तांताच्या दहा नकला म्हणजे दहा साधने नव्हेत. तिसरा प्रश्न : स्वतंत्र लेखात असे काही सांगता येईल काय, जे मोठ्या मोहिमेच्या लेखात सांगता येणार नाही?

हा तिसरा प्रश्न कोशकाराला फार उपयोगी पडतो. १८०३ सालची इंग्रज-मराठे मोहीम आपल्याच परिसरातली. ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) घेतले आणि महिनाअखेर तो आपल्या या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, येऊन पोचला. कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबरला जालना घेतले आणि त्यानंतर मराठ्यांच्या तळावर रात्रीचे काही छापे घातले. २३ सप्टेंबरला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. आता स्टीव्हन्सनच्या छाप्यांना स्वतंत्र लेख द्यावा काय? ते घडले यात शंका नाही. पण त्यांचा अर्थ असईच्या पायरीवर उभे राहूनच कळतो. वेगळे काढले तर हाती केवळ तारखा उरतात. त्यांची जागा असईच्या लेखात आहे. तेथे ते छापे चार ओळींत जितके बोलतील, तितके स्वतंत्र लेखाच्या चार परिच्छेदांतही बोलणार नाहीत. मोठ्या लेखात जागा मिळणे ही काही हकालपट्टी नव्हे. पुष्कळदा तेच त्या घटनेचे खरे घर असते.

येथवर माझा मार्ग सरळ होता. आता त्यात एक मोठी धोंड आहे, ती टाळून मला पुढे जाता येणार नाही.

साधने असतील तर नोंद, हा नियम न्याय्य दिसतो खरा. पण साधने निर्माण करण्याची शक्ती सर्वांना सारखी नसते. ज्याची लेखणी त्याची लढाई! असईचेच पाहा. इंग्रजांकडील ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता, असा हिशोब आज आपल्याला एकेका माणसापर्यंत मिळतो. वेलस्लीची पत्रे छापलेली आहेत, त्याच्या अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत. पण शिंद्यांच्या पायदळातली आणि तोफांवरची जी माणसे जागची हलली नाहीत आणि तेथेच कापली गेली, त्यांची संख्या अंदाजाने सांगावी लागते आणि नावे तर बहुतेकांची गेलीच. एकाच रणांगणावर, एकाच दिवशी मेलेल्या माणसांत हा फरक पडला, तो शौर्याने पडला नाही, दप्तराने पडला.

क्रांतिचौक येथून फार लांब नाही. त्या जागेचे जुने नाव काळा चबुतरा. १८५७ च्या जूनमध्ये येथील छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात, आपल्याला निजामाच्या मुलखाबाहेर दिल्लीकडे नेणार, या वार्तेने असंतोष उसळला. जनरल वुडबर्न पुण्याहून फौज घेऊन आला. मीर फिदा अली नावाच्या शिपायाने कॅप्टन अ‍ॅबट याच्यावर गोळी झाडली, त्याला फाशी दिले. इतरांना कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. ही हकीगत आपल्याला मुख्यतः कळते ती शिक्षा देणाऱ्यांच्या कागदांवरून. बंडवाल्यांच्या मनात काय होते, हे त्यांच्या शत्रूच्या लेखणीतून गाळून घ्यावे लागते.

आणि त्याही मागे जा. मराठवाड्यातील कितीतरी गावांच्या वेशीपाशी, मारुतीच्या देवळाबाहेर, वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, कधी पळविलेली गुरे; मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा; वर शिवलिंगाची पूजा. एका लहानशा चकमकीची ती दगडात केलेली नोंदच म्हणावयाची. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कोण मेला, कोणाशी लढताना मेला, कोणत्या साली, काही सांगता येत नाही. गावाने शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि नाव हरवले. सन्मान शेकडो वर्षे टिकला. माहिती मात्र टिकली नाही.

श्रोतेहो, त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मला या वीरगळापाशी सापडले. सन्मान आणि नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गावच्या तीन माणसांनी प्राण दिले, त्यांचा सन्मान करण्यासाठी कोणत्याही कोशाची परवानगी लागत नाही. हुतात्मास्तंभ उभारा, १७ सप्टेंबरला त्यांची नावे वाचा, शाळेतील मुलांना सांगा. तो गावाचा हक्क आहे आणि गावाचे कर्तव्यही. कोशातली नोंद हे काही पदक नव्हे की ज्याला मिळाले तो मोठा आणि ज्याला नाही तो लहान. नोंद म्हणजे दूरच्या, आपल्याशी काही देणेघेणे नसलेल्या वाचकाला दिलेला शब्द आहे : हे असे घडले, ते आम्हाला अमुक साधनांवरून कळले, आणि तू स्वतः तपासून पाहू शकतोस. जेथे हा शब्द पाळता येत नाही, तेथे स्वतंत्र नोंद देणे म्हणजे अक्षर नसलेला आणखी एक वीरगळ उभारणे होय.

मग गरिबाच्या, निरक्षराच्या, खेड्यातल्या लढ्याने कायमचे बाहेरच राहावे काय? मुळीच नाही. साधने कमी म्हणून कसोटी सैल करणे, हा या अन्यायावरचा उपाय नव्हे. उपाय आहे तो साधने गोळा करण्याचा. कसोटी सैल केली की सर्वांत आधी आत शिरतात ते ज्यांचा आवाज मोठा आहे ते. गरिबाची पाळी तेव्हाही शेवटीच येते.

मुक्तिसंग्रामाच्या बाबतीत तर हे काम अजून हाताशी आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली, नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल ताब्यात आला, आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. या पाच दिवसांचा लष्करी वृत्तांत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने प्रसिद्ध केलेला आहे. संस्थान विलीनीकरणाची कथा व्ही. पी. मेनन यांनी लिहिली, कन्हैयालाल मुन्शी यांनी आपल्या बाजूने सांगितली. निजामाचे पंतप्रधान लायक अली आणि सेनापती एल एद्रूस यांच्या आठवणीही उपलब्ध आहेत. स्वामी रामानंद तीर्थांचे आत्मकथन आणि अनंत भालेराव यांचा ग्रंथ आपल्या परिचयाचा आहेच. म्हणजे नळदुर्गाची नोंद दोन्ही बाजूंनी पारखून लिहिता येते. परंतु त्या पाच दिवसांच्या आधीचे वर्ष, सरहद्दीवरील शिबिरे, ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेवरील कारवाई, आणि वेशीवेशीवर झालेल्या असंख्य झटापटी, यांचा पुष्कळसा इतिहास अद्याप वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. साधने गोळा करावयाची म्हणजे आपल्याला गैरसोयीची साधनेही गोळा करावयाची. पोलिस कारवाईनंतर संस्थानातील मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली होती. तिने मृतांची संख्या कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. रझाकारांनी गावोगाव केलेले जुलूम खरे. त्यांना सामोरे गेलेल्यांचे धैर्य खरे. आणि नंतर निरपराध माणसांवर जे ओढवले तेही खरे. जी नोंद यांतले पहिले दोन सांगेल आणि तिसऱ्यापाशी मुकी होईल, ती वाचणारा परका मनुष्य पहिल्या दोहोंवरही विश्वास ठेवणार नाही. आपल्या हुतात्म्यांचे नाव टिकावयाचे असेल तर ते पूर्ण सत्याच्या शेजारीच टिकेल.

आता, ते गृहस्थ आज येथे बसले असतील तर त्यांना मी थेट सांगतो. काका, वडिलांची ती वही प्रथम जपा. तिची छायाचित्रे काढून दोनतीन ठिकाणी ठेवा. वडिलांनी ती कोणत्या साली लिहिली ते शोधा. घटनेनंतर महिन्याभराने लिहिलेली वही आणि तीस वर्षांनी लिहिलेली वही यांचे वजन सारखे नसते. पडलेल्या तिघांची पूर्ण नावे, वये आणि घराणी लिहून काढा. गावातल्या दुसऱ्या वाड्यावरचे, दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या धर्माचे जे कोणी त्या दिवसाविषयी ऐकून असतील, त्यांना विचारा. त्यांचे म्हणणे तुमच्या वहीशी जुळले नाही तरी जसेच्या तसे लिहून घ्या. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी गावातून कोणी अर्ज केले असतील तर ते पाहा. मात्र ते अर्ज मागाहून आणि हेतू धरून लिहिलेले असतात, हे विसरू नका. आणि हैदराबादच्या अभिलेखागारात निजामी अमदानीचे उर्दू कागद आहेत, तेथे उर्दू जाणणारा एखादा तरुण पाठवा. त्या उन्हाळ्यात तुमच्या तालुक्यात काहीतरी घडले अशी एखादी ओळ निजामाच्याच अंमलदाराने लिहिलेली सापडली, तर तुमच्या वहीला जो साक्षीदार मिळेल, तो दहा पुढाऱ्यांच्या भाषणांनी मिळणार नाही.

हे सारे जमले, तर स्वतंत्र लेख लिहावयास मी स्वतः बसेन. अर्धेच जमले, तर तालुक्याच्या किंवा मुक्तिसंग्रामाच्या लेखात तुमच्या गावाचे नाव, साल आणि त्या तिघांची नावे आली पाहिजेत, आणि ती कशावरून आली तेही आले पाहिजे. सूचीत गावाचे नाव असले म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडेल. आणि काहीच जमले नाही, तरी वही कोणत्या गावी, कोणाच्या घरी आहे एवढे टिपण एखाद्या ग्रंथालयात राहिले, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला तेथून सुरुवात करता येईल.

गेल्या वर्षी मी त्यांना गुळमुळीत उत्तर दिले, याची मला खंत आहे. आज त्यांनी ती वही बरोबर आणली असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मी येथेच थांबणार आहे. सतरंज्या गुंडाळणाऱ्यांनी आमच्यापुरती एक राहू द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.